रंगभूषेचं पहिलं बक्षीस

साहेब, तुम्ही त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, पंख्याच्या बरोबर खाली बसून तुम्ही तिच्यावर नजर लावून होता. चष्मा नवा होता, रंगमंचावर उजेड भरपूर होता, आणि तरीही तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही रंग पाहिला. तो पाहून मनात जे आलं ते भर सभागृहात माइकवर बोललात आणि वर त्याचं बक्षीसही दिलंत. तुमचं नाव इथे येणार नाही. नाव आलं की लोक हात झटकतात, म्हणतात, एका माणसाची चूक झाली हो. तुम्ही एकटे नाही, साहेब. तुमच्या मागच्या रांगाही तुमच्यासारख्याच माना डोलावत होत्या. आता ऐका, काय केलंत ते.

पोरीचं नाव सत्यवती. अकोटची, बीएच्या दुसऱ्या वर्षाची. बाप महादेवराव गावाबाहेरच्या दोन तुकड्यांत वांगी, पालक आणि सांभार लावतो. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. माय जमुना तो भाजीपाला बाजारात विकते, आणि कॉलेज सुटलं की सत्या मायजवळ पोत्यावर जाऊन बसते. पोरगी काळी. सावळी नाही, गव्हाळ नाही, ‘जरा दबलेला रंग’ नाही. काळी.

वऱ्हाडाच्या जिभेला ‘ळ’ जड जातो. शाळेची शाया होते, डोळ्यांचे डोये होतात, आणि काळीची कायी होते. पण कायी म्हणजे नुसता रंग नव्हे, कायी म्हणजे जमीनही. ‘आमची कायी’ म्हणताना महादेवरावाचा आवाज असा मऊ होतो, जसं काही तान्ह्या लेकराचं नाव घेतलं. जमिनीच्या सौद्याला आलेला माणूस धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवा बसतो, ढेकूळ हातात चुरतो, नाकाशी नेतो आणि म्हणतो, ‘वा! काय कायीशार हाय बाप्पा!’ तोच माणूस पुढच्या महिन्यात पोरासाठी पोरगी पाहायला येतो, पोह्यांची बशी रिकामी करतो आणि फाटकाबाहेर चपला घालता घालता म्हणतो, ‘पोट्टी चांगली हाय, पण रंगानं मार खाल्ला.’ जमीन काळी पाहिजे, सून गोरी पाहिजे. हा वऱ्हाडाचा कायदा. कोणी लिहिलेला नाही, म्हणून कोणाला खोडताही येत नाही.

सत्याची आत्या माणिकबाई दर दिवाळीला माहेरी येताना गोरं करणाऱ्या मलमाची ट्यूब आणायची. सत्या लहान असताना एकदा तिनं विचारलं होतं, ‘आत्या, इठोबा काया हाय नं? त्याच्या तर पाया पडतेस.’

‘इठोबा बाप्या हाय वं,’ आत्या म्हणाली, ‘बाप्याचं खपते.’

सगळे हसले. सत्याही हसली. ट्यूब मात्र तिनं गोठ्यातल्या पांढऱ्या गाईच्या पाठीला चोळली आणि आत्याला म्हणाली, ‘पाह्य, लागू पडली.’

अशी ही पोरगी. तिला वाचायचं भयंकर वेड. कॉलेजच्या ग्रंथालयातली कादंबऱ्यांची कपाटं तिनं उंदरासारखी कुरतडून काढली. वाचता वाचता तिला एक खोड लागली. नायिका आली की ती तिचा रंग शोधायची. गोरीपान. केतकी. दुधात केशर कालवल्यासारखी. कधीमधी एखादा लेखक लय उदार झाला की सावळी. पण सावळी आली की तिच्या मागून ‘पण’ हमखास यायचा. सावळी पण तरतरीत. सावळी पण नाकीडोळी नीटस. काळी यायची ती मोलकरीण म्हणून, नाहीतर चेटकीण म्हणून, नाहीतर कोणाच्या तरी शिवीत. सगळ्या कपाटांत एकही काळी पोरगी अशी नव्हती, जिची गोष्ट तिची स्वतःची असेल आणि तिच्या रंगामागे ‘पण’ उभा नसेल.

मग श्रावणात इंग्रजीच्या सीमा मॅडमनी एका गोष्टीची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘अमेरिकेतल्या एका मुलीची गोष्ट आहे. डिक्शनरी घेऊन बस, पण वाच.’

बाजारात, वांग्यांच्या ढिगाला टेकून, मोबाइलवर शब्द शोधत सत्यानं पहिलं वाक्य लावलं. ‘मेबल काळी होती आणि तिला भूक लागली होती.’

तिनं ते परत वाचलं. मग ओरडलीच, ‘माय! इथं ‘आणि’ हाय वं! ‘पण’ नाही! ‘आणि’ हाय!’

जमुनाबाईच्या हातात तराजू होता. ‘काय आणी?’ ती म्हणाली. ‘थ्या बाईले सांभार दे पहिले.’

‘काळी होती आणि भूक लागली होती! बस! माफी नाही, काही नाही!’

‘भूक लागली तं खाय नं मंग,’ जमुनाबाई म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. ‘पोट्टी शिकून राह्यली नं, असंच करते.’

गोष्ट अशी होती. मेबलचं गाव कापसाचं. तिची माय, मावशी, आजी, सगळ्या वेचणीला जाणाऱ्या. दरवर्षी गावात कापसाचा उत्सव होतो आणि शाळेतली एक मुलगी कापूसराणी होते. डोक्यावर बोंडांचा मुकुट, अंगावर पांढरा झगा. राणी नेहमी गोरीच. मेबल एक दिवस आपलं नाव देते. सगळं गाव आधी हसतं, मग चिडतं. मेबल काही नाव मागे घेत नाही.

सत्याला ठाऊक होतं की मेबलच्या पणज्या साखळदंडात जहाजातून आणून विकल्या होत्या, आणि आपल्या पणज्या विकल्या नव्हत्या. तेवढा इतिहास तिनं शोधून वाचला. उगाच कोणाचं दुःख आपल्या नावावर चढवायला ती तयार नव्हती. पण गोरी राणी आणि काळ्या वेचणाऱ्या हे ती अकोटात जन्मापासून बघत होती. बोंडाची टरफलं लागून चिरलेली मायची बोटं ती बघत होती. तिनं ती गोष्ट वऱ्हाडीत आणली, तिची एकांकिका केली आणि नाव दिलं ‘कापूसराणी’. शेवटी एक वाक्य मूळ गोष्टीत नसलेलं, स्वतःच्या पदरचं घातलं. शाळेच्या बाई मेबलला म्हणतात, राणी गोरीच शोभते, कापसासारखी. तेव्हा मेबल म्हणते, ‘कापूस पांढरा हाय मॅडम, अन् तो कायीच्याच पोटातून निंगते.’

हे वाक्य सुचलं त्या दिवशी ती सायकलवरून घरी येताना एकटीच मोठमोठ्यानं हसत आली. बाजारातल्या बायकांना वाटलं, पोट्टीचं जमलं कुठंतरी.

कॉलेजात नाटकाचे सर्वेसर्वा ओमप्रकाश सर. सर अकोल्याचे, पण बोलायला उभे राहिले की थेट पुण्याचे. अमरावतीला एका नाट्यमंडळाची एकांकिका स्पर्धा होती. सरांनी संहिता वाचली, खूश झाले, पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी लाल पेनानं रंगवून परत दिली. जिथे जिथे ‘कायी’ तिथे तिथे ‘सावळी’. पहिलं वाक्य झालं होतं, ‘मेबल सावळी होती, पण मनानं निर्मळ होती.’ शेवटच्या वाक्यावर आडवी रेघ, आणि बाजूला लिहिलेलं: ‘स्थानिक. काढावे.’

‘सर, मेबल सावळी नाही,’ सत्या म्हणाली. ‘थे कायी हाय.’

‘अगं, काळी म्हटलं की कानाला लागतं. प्रेक्षकांना सहानुभूती वाटली पाहिजे ना.’

‘कानालेच लागाले पाहिजे सर.’

‘तू लेखिका आहेस, मान्य. मी दिग्दर्शक आहे, ते तू मान्य कर.’

तिनं मान्य केलं. कारण तिला मेबल करायची होती. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती: त्या रंगमंचावर, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या तोंडावरच्या रंगासकट उभं राहून ते पहिलं वाक्य म्हणायचं. त्यासाठी ती लाल पेन गिळायलाही तयार झाली.

भूमिका वाटल्या गेल्या. मेबल, गीतांजली. प्रॉम्प्टिंग, सत्यवती.

गीतांजली म्हणजे कॉलेजची गोरी पोरगी. दर कॉलेजात एक असते. स्वागताला तीच, सरस्वतीच्या फोटोला हार घालायला तीच, पाहुण्यांना गुलाब द्यायला तीच. पोरगी वाईट नव्हती. सत्याच्याच बाकावर बसायची, तिच्याच डब्यातलं वांग्याचं भरीत खायची. तिनं स्वतःच विचारलं, ‘सर, सत्या काऊन नाही? लिहिलं तं तिनंच.’

सरांनी जे उत्तर दिलं ते त्यांना फार हुशारीचं वाटलं असणार, कारण देताना त्यांनी डोळे मिटले होते. ‘अगं, ती तर आहेच काळी. ती करेल त्यात अभिनय कुठला? तू करशील, त्याला अभिनय म्हणायचं. अकोल्याहून आपण रंगभूषाकार बोलावू. असा काळा करू तुझा चेहरा, की परीक्षक बघत राहतील.’

तालमीच्या खोलीत हशा झाला. सत्या उठून बाहेर गेली, नळाखाली तोंड धुतलं, परत आली आणि संहिता हातात घेऊन विंगेत बसली. सगळी संहिता तिला पाठ होती. दोन्ही संहिता. लाल पेनाच्या आधीची आणि नंतरची.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच क्रूझर निघाली. दर्यापूर मागे पडलं. ऑक्टोबरचं ऊन असं, की खिडकीची काच हाताला भाजावी. दोन्ही बाजूला कापूस फुटलेला, आणि वाकलेल्या बायकांच्या रांगा.

‘पाह्य वं, तुह्या मेबली,’ गीतांजली खिडकीतून बोट दाखवत म्हणाली.

‘माह्या नाही, आपल्या,’ सत्या म्हणाली. ‘एक तं माही मावशीच हाय.’ आणि खरंच कोणीतरी हात हलवला. दोघी खिदळल्या. वलगाव आलं तेव्हा सगळी गाडी गाणी म्हणत होती आणि सत्याही म्हणत होती, कारण काही झालं तरी तिचं नाटक अमरावतीला चाललं होतं, बाप्पा! तिचं!

पोचल्या पोचल्या, सकाळीच, चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. प्रत्येक संघाची मुख्य नटी किंवा नट जाणार आणि आपला क्रमांक काढणार. टेबलामागे परीक्षकांचे अध्यक्ष बसलेले. होय, साहेब, तुम्हीच. गीतांजली गेली. तुम्ही तिचा चेहरा पाहिला, नाटकाचं नाव पाहिलं आणि म्हणालात, ‘कापूसराणी! वा, नावाला शोभतेस!’ मागे सत्या उभी होती, तिच्या हातात पाण्याची कॅन होती. तुम्ही तिला म्हणालात, ‘बाई, इथेही एक ग्लास ठेव.’ तिनं ठेवला.

क्रमांक दुपारचा निघाला. रंगपटात पंखा नव्हता. पुंजाराम रंगभूषाकार घामानं निथळत गीतांजलीला रंग लावत होता. त्याच्या डबीतला काळा रंग मानेपर्यंतच पुरला. सर बाहेर गेले आणि काय घेऊन आले? बूट पॉलिश. ‘दिव्यांत कळत नाही,’ म्हणाले. पुंजाराम म्हणाला, ‘सर, चेहऱ्याले नका लावू.’ सर म्हणाले, ‘हाताला लाव, चेहऱ्यावर नुसता एक हात फिरव.’

तो एक हात पुरेसा होता. घामाबरोबर पॉलिश उतरलं आणि गीतांजलीच्या डोळ्यांत गेलं. ती किंचाळली. तिचे डोळे उघडेनात. तिनं पांढऱ्या झग्याला तोंड पुसलं, झगा काळा झाला. सत्यानं तिला ओढत बेसिनजवळ नेलं आणि तिच्या डोळ्यांवर ओंजळीनं पाणी मारत राहिली. गीतांजलीच्या गालांवरून काळे ओघळ वाहत होते, मधूनमधून तिचा गोरा रंग डोकावत होता, आणि ती रडत रडत म्हणत होती, ‘सत्या, लय आग होऊन राह्यली वं. मले दिसत नाही.’

बाहेर पहिली घंटा झाली.

‘उभी राहा, डोळे मिटून कर,’ सर म्हणाले.

‘मी नाही जात!’ गीतांजली ओरडली. ‘सत्याले पाठ हाय सगळं. जाईन तं सत्या जाईन. नाही तं पडदा पाडा अन् चला घरी!’

ओमप्रकाश सरांनी सत्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. मग म्हणाले, ‘ठीक आहे. पुंजाराम, हिला रंग लाव.’

पुंजारामनं डबीचा तळ खरवडून निघाला तेवढा रंग बोटावर घेतला, सत्याच्या गालाजवळ नेला आणि हात मागे घेतला. ‘सर,’ तो म्हणाला, ‘माह्या रंगापेक्षा पोट्टीचाच रंग गडद हाय.’

सर वैतागले. आणि मग जे बोलले त्याला जगात तोड नाही. ‘मग थोडी उजळ कर! एवढी काळी दिव्यांत दिसणार नाही!’

काळ्या पोरीच्या भूमिकेसाठी गोऱ्या पोरीला काळं केलं, आणि काळी पोरगी मिळाली तर तिला गोरी करायला निघाले! सत्याला इतकं हसू आलं, की तिच्या पोटात दुखलं. हसता हसताच तिनं पुंजारामचा हात धरून खाली केला.

‘मले हात लावू नका,’ ती म्हणाली. ‘कोणीच.’

तिनं बेसिनवर तोंड धुतलं. साध्या पाण्यानं. ओढणीनं कोरडं केलं. झगा डागाळला होता, तो बाजूलाच राहू दिला आणि अंगावरच्या पंजाबी ड्रेसवर मायची वेचणीची ओटी, कापूस टाकायची कमरेची झोळी, बांधली, जी ती नेपथ्यासाठी घरून घेऊन आली होती. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

उजेडात उभी राहिली तेव्हा तिच्या छातीत असं धडधडत होतं, जसं जिनिंगचं मशीन चालू झालं. समोर अंधार. अंधारात तुमचा चष्मा चमकत होता. विंगेतून सर खुणा करत होते, सावळी, सावळी.

‘मी मेबल,’ ती म्हणाली. ‘मी कायी आहो, अन् मले भूक लागली हाय.’

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. एकानं शिट्टी मारली. ती थांबली. हसणं संपेपर्यंत नुसती उभी राहिली, ओटीत हात घालून, त्या दिशेला बघत. मग तेच वाक्य परत म्हणाली, आणखी हळू. या वेळी कोणी हसलं नाही.

आणि मग सुटली ती! लाल पेन कुठल्या कुठे उडालं. तिनं बोंडं वेचली, रिकाम्या हवेतून वेचली, आणि बोटाला टरफल लागलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी ‘स्स्’ केलं. मेबल आपल्या मायची नक्कल करते तिथे ती जमुनासारखी बोलली, ‘खाय नं मंग!’, आणि सगळं सभागृह हसलं, सोबत हसलं. नाव नोंदवण्याच्या प्रवेशात ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली तेव्हा कोणीतरी अंधारातून ओरडलं, ‘हटू नको वं!’ विंगेत गीतांजली भाजलेले डोळे मिटून, ओला रुमाल धरून नुसती ऐकत होती आणि मुठी आवळत होती.

शेवट आला. ‘राणी गोरीच शोभते. कापसासारखी.’

‘कापूस पांढरा हाय मॅडम,’ सत्या म्हणाली, आणि तिनं ओटी उघडली, ‘अन् तो कायीच्याच पोटातून निंगते.’

मग मधल्या रांगांतून, जिथे वलगाव, मोझरी आणि अचलपूरच्या पोरांबरोबर त्यांचे बाप आले होते, तिथून टाळ्या उसळल्या. कायी! त्या माणसांना तो शब्द कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या पायांना तो चिकटलेला होता. एक म्हातारा उभा राहून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता. पडदा पडल्यावर सत्या विंगेत आली ती उडी मारतच, आणि गीतांजलीच्या गळ्यात पडली, तेव्हा गीतांजलीच्या कानामागचं उरलेलं काळं सत्याच्या ओढणीला लागलं.

‘झालं वं!’ सत्या म्हणाली. ‘म्हतलं मी! मीच म्हतलं!’

तिचं काम तिथेच संपलं होतं, साहेब. तिला तुमचं बक्षीस नको होतं. ती घरी जाऊन मायला सांगणार होती. दिवे लागायच्या सुमारास तुम्ही निकाल सांगायला उठलात आणि तुम्ही तिला थांबवलंत.

तुमचा सत्कार झाला. गळ्यात पांढरा दुपट्टा, हातात नारळ. तुम्ही माइक घेतला आणि म्हणालात, ‘रंगभूषेचं पहिलं बक्षीस. या वर्षी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सकाळी चिठ्ठी उचलायला आलेली ती गोरी, देखणी मुलगी तुम्ही पाहिलीत? आणि दुपारी? ओळखू आली का? कोपरं, मान, कानामागची जागा, बोटांच्या पेरांवरच्या रेघा, एक जागा सोडली नाही रंगभूषाकारानं! आणि त्या मुलीचंही कौतुक. इतकं कुरूप दिसायला धैर्य लागतं. सौंदर्य असताना ते असं पुसून टाकणं, हा त्याग आहे. कापूसराणी, अकोट!’

टाळ्या झाल्या. ज्यांनी दुपारी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या.

अकोटच्या रांगेत कोणी हललं नाही. पुंजाराम खाली बघत होता. सर सत्याच्या कानाशी येऊन पुटपुटले, ‘काही बोलायचं नाही. बक्षीस आलंय. पुंजाराम, जा, घेऊन ये.’

‘मी काहीच केलं नाही सर,’ पुंजाराम म्हणाला. ‘मी कोन्या तोंडानं जाऊ?’

‘मी जातो,’ सत्या म्हणाली. वऱ्हाडात पोरीही ‘जातो’ म्हणतात, पुण्याचे कान काहीही म्हणोत. ती निघाली. गीतांजलीही उठली आणि तिचा हात धरून निघाली. एक काळी, एक गोरी. गोरीचे डोळे सुजून लाल झालेले, तिच्या मानेवर अजून पॉलिशचे पट्टे. दोघी पायऱ्या चढून तुमच्यासमोर आल्या, आणि साहेब, तुम्ही प्रमाणपत्र गीतांजलीपुढे केलंत.

‘माहं नाही,’ गीतांजली म्हणाली. ‘मी तं रंगमंचावर गेलीच नाही.’

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं, पोरी मस्करी करतायत.

सत्यानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला. असाच एक सकाळी तिनं तुमच्यापुढे ठेवला होता. तुमच्या गळ्यातला सत्काराचा पांढरा दुपट्टा तिनं अलगद काढून घेतला, त्याचं टोक ग्लासात बुडवून सगळं पाणी त्यात जिरू दिलं आणि सगळ्यांसमोर गालावर घासलं. एकदा, परत एकदा, जोरानं, जसं भांडं घासावं. मग कपाळ. मग कोपर. मग कानामागची जागा, जिचं तुम्ही एवढं कौतुक केलं होतं. आणि तो दुपट्टा दोन्ही हातांनी उजेडात पसरून धरला.

दुपट्टा पांढराच होता.

ती माइककडे वाकली. तो अजून तुमच्याच हातात होता, तुम्हाला तो सोडायचं सुचलं नव्हतं.

‘माहं नाव सत्यवती,’ ती म्हणाली. आवाज कापत होता. भीतीनं नव्हे, आनंदानं, आणि हे तिचं तिलाच नवल वाटत होतं. ‘दुपारी मेबल मीच होती. अन् सकाळी तुमाले पानी देल्लं थे बी मीच होती. हा रंग उतरत नाही साहेब, पक्का हाय. बक्षीस मी घेतो. चांगलं काम हाय, पहिलं बक्षीस देल्लं थे बरोबरच केलं तुमी. फक्त रंगभूषाकाराचं नाव बदला. पुंजाराम नाही. जमुनाबाई लिहा. नऊ महिने लागले तिले.’

मागच्या रांगेतून कोणीतरी ‘शाब्बास’ म्हणालं. तिनं हात वर करून त्याला गप्प केलं. तिला टाळ्या नको होत्या.

‘आता एक सांगा,’ ती म्हणाली. ‘तुमी म्हतलं, इतकं कुरूप दिसाले धैर्य लागते. रंग तं कोनी लावलाच नव्हता. मंग कुरूप म्हतलं थे कोनाले?’

ती थांबली आहे, साहेब. तिच्या हातात ओला दुपट्टा आहे, तुमच्या हातात माइक आहे, आणि सगळी माणसं ऐकतायत. घसा साफ करून झाला, ग्लासाकडे बघून झालं. ग्लास रिकामा आहे. आता तिच्या तोंडाकडे बघा, आणि बोला. कोणाला म्हणालात?